शेवटचं ठणठणीत कोणी बघितलं?

मी या जगात सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर आमच्या मॅडमचा. परळच्या ज्या सरकारी इस्पितळात मी मेंदूच्या आजारांचं शिक्षण घेतलं, तिथल्या त्या प्रमुख. अर्धांगाचा झटका आलेला माणूस स्ट्रेचरवरून आत आला, की मॅडम आधी त्याच्याबरोबर आलेल्यांकडे वळायच्या. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "यांना शेवटचं ठणठणीत कोणी बघितलं?"

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की तिच्या पुढचा मेंदू सुकत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. त्यामुळे सगळं त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर असायचं. आणि उत्तर देणारी माणसं तुम्हाआम्हासारखीच. इंजेक्शन लवकर आलेल्यांनाच मिळतं, हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असायचं.

लालबागच्या एका गिरणी कामगाराला त्याच्या दोन मुलांनी आणलं होतं. थोरला म्हणाला, "आत्ताच झालं मॅडम. अर्धा तास झाला असेल."

"वेळ नका सांगू. तेव्हा ते काय करत होते ते सांगा."

"दाढी करत होते."

मॅडम वाकल्या. म्हाताऱ्याचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्या बाजूला कानामागे साबण वाळून पांढरा झाला होता. "नळाला पाणी होतं का तेव्हा?" त्यांनी विचारलं. लालबागच्या चाळींत पाणी पहाटे येतं नि उजाडता उजाडता जातं, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. आता तर दुपार कलत होती. थोरल्याने मान खाली घातली. "होतं," तो म्हणाला. "झोपले तर बरं वाटेल, असं आईला वाटलं."

"खोटं तुम्ही प्रेमाने बोललात," मॅडम म्हणाल्या, "पण इंजेक्शनला प्रेम कळत नाही हो."

मग त्यांनी त्या मुलाला खुर्ची दिली. म्हाताऱ्याला इंजेक्शन मिळालं नाही, पण तो जगला. उरलेली अर्धी दाढी वॉर्डातल्या मावशींनी मॅडमच्या सांगण्यावरून केली.

मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेला. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्यांदा पेशंटची माहिती सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तेव्हा इंग्रजीत माझी जीभ अशी अडखळली, की मागे कोणी तरी म्हणालं, "याचाच सीटी स्कॅन करा रे." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "मराठीत सांग. पेशंट मराठीत आजारी पडलाय." मी सांगितलं, आणि त्यानंतर मला मागे वळून बघावं लागलं नाही. त्यांनी मला शिकवलं, ओरडल्या, डब्यातली भाजी दिली. माझ्या वडिलांना एकदा खास बोलावून समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा पेशंटचं ऐकतो. हे शिकवून येत नाही." वडील त्यांच्यासमोर कितीतरी वेळ हात जोडूनच बसले होते.

एका प्रकारच्या पेशंटपुढे मात्र मॅडम गप्प व्हायच्या. एकटं राहणारं माणूस. शेजारी दार फोडून आणायचे, आणि प्रश्न विचारला की एकमेकांकडे बघायचे. "काल दिसले नाहीत." "परवा जिन्यात भेटले होते बहुतेक." अशा केसपेपरवर 'माहीत नाही' एवढंच लिहावं लागतं. मॅडम ते स्वतः लिहायच्या, आणि त्या पेशंटजवळ इतरांपेक्षा जास्त वेळ उभ्या राहायच्या. त्या स्वतः गिरगावात फणसवाडीत एकट्या राहतात, हे आम्हाला माहीत होतं. दोन्ही गोष्टी आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्या. पुढे एका रविवारी सकाळी मी पेढे द्यायला त्यांच्या घरी गेलो. मॅडम खिडकीत उभ्या होत्या. समोरच्या चाळीच्या खिडकीत, तीन-चार हातांवर, मालवणकडच्या एक आक्का, त्याही एकट्याच राहणाऱ्या. दोघींनी एकमेकींकडे बघून दोन्ही हात वर केले, थोडा वेळ तसेच धरले आणि मोठ्याने हसल्या.

"काय गो डॉक्टरणी, झाली परीक्षा?" आक्का म्हणाल्या.

"पास. तोंड वाकडं नाही, हात खाली येत नाही, जीभ तर अजिबात अडखळत नाही तुझी."

"माझी जीभ थांबली तर सोन्याचा दिवस म्हणतील, सुना माझ्या."

झटका ओळखायची आमची जी तपासणी असते, तीच ही. चेहरा, हात, बोलणं. मॅडमनी ती आक्कांना शिकवली होती. वाडीतल्या लोकांना वाटायचं, दोघी म्हाताऱ्या योगासनं करतात. मी हसत पायऱ्या उतरलो. रोज सकाळी कोणी तरी आपल्याला ठणठणीत बघावं, याची ही सोय होती. ती माझ्या लक्षात यायला पुढचा प्रसंग घडावा लागला.

त्या दिवशी कॅज्युअल्टीत मी होतो. स्ट्रेचर आत आलं. मी सवयीने सोबतच्या बाईंकडे वळलो आणि विचारलं, "यांना शेवटचं ठणठणीत कोणी बघितलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

घरातला गाऊन, वर कशीतरी ओढलेली शाल, पायांत दोन वेगळ्या चपला. मॅडम होत्या त्या, आणि स्ट्रेचरवर आक्का. दारावरच्या वॉचमननेही मॅडमना ओळखलं नव्हतं.

"तुळशीला पाणी घालत होती," त्या सांगू लागल्या. "माझ्याकडे बघून काही तरी म्हणाली आणि हातातून तांब्या सुटला. मी ओरडले, हात वर कर. एकच आला. तिथून सरळ टॅक्सी."

पेशंट आणणाऱ्या इतक्या माणसांत इतकं नेमकं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. सीटी झाला. रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. आक्कांच्या मुलाने विरारहून फोनवर संमती दिली. नर्सने कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कोण म्हणजे..." मॅडम म्हणाल्या. "समोरच्या खिडकीतली."

मी त्यांना म्हटलं, "मॅडम, तुम्ही आत या. तुमच्यासमोर देतो."

"नको. तू दे. मी बाहेर बसते."

इंजेक्शन सुरू करून मी बाहेर आलो. नातेवाइकांच्या बाकावर त्या बसल्या होत्या, स्कॅनआधी काढलेली आक्कांची बांगडी मांडीवर घट्ट धरून. मला बघून उठल्या आणि विचारलं, "वाचेल ना रे?" या प्रश्नाला डॉक्टरने कधी घाईने 'हो' म्हणू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "इंजेक्शन वेळेत सुरू झालंय." त्यांनी मान हलवली आणि परत बसल्या.

संध्याकाळी आक्कांनी लुळा पडलेला हात थोडा उचलला. शब्द जड येत होते, पण पहिलं वाक्य समजलं, "डॉक्टरणी खंय गेली?" मॅडम वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आक्का काठी टेकत चालू लागल्या, तसा मुलगा त्यांना विरारला घेऊन गेला. आता आईला एकटं कसं ठेवायचं? चाळीतल्या खोलीला कुलूप लागलं. मी फोनवर मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "बरोबर केलं त्याने. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. तू काम बोल."

माझं शिक्षण संपलं आणि आमच्याच जिल्ह्याच्या इस्पितळात नेमणूक झाली. निघायच्या आदल्या सकाळी मी फणसवाडीत गेलो. खाली इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी पोचलो आणि सहज वर बघितलं. जे दिसलं, त्यानंतर जिना चढायला मला थोडा वेळ लागला. मॅडमनी चहा केला, पोहे केले, माझी बॅग भरली का विचारलं. मी ते बोलू शकलो नाही. फोनवर बोललो असतो तर त्यांनी 'काम बोल' म्हणून ठेवून दिला असता. म्हणून गावी आल्यावर पत्र पाठवलं.

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

इथे लोक पेशंटला तेलाने चोळून तिसऱ्या दिवशी आणतात. मी रोज भांडतो. पण गेल्या आठवड्यात एका एसटी कंडक्टरला त्याची बायको वेळेत घेऊन आली. तुमचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, 'मीच बघितलं. ताटावर बसले होते, दुसरी भाकर मागितली आणि ती उचलता आली नाही.' इंजेक्शन दिलं. काल तो चालत घरी गेला. जाताना तुमच्यासाठी नमस्कार सांगितला आहे, कारण प्रश्न तुमचा आहे हे मी त्याला सांगितलं होतं.

मॅडम, निघायच्या आधी आलो होतो, त्या सकाळी मी तुम्हाला खालून पाहिलं. समोर आक्कांची खिडकी बंद होती आणि तुम्ही तिकडे बघून दोन्ही हात वर केले होते. हे तुम्हाला न सांगता पोहे खाऊन निघालो.

रागावू नका, पण इस्त्रीवाल्याला मी सांगून ठेवलं आहे. तो रोज सकाळी वर बघेल. बाई व्यायाम करतात का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. एखाद्या दिवशी एकच हात वर गेला, किंवा कोणी खिडकीत आलंच नाही, तर तो वर येईल आणि आपल्या वॉर्डात फोन करेल. तुम्ही फक्त उद्यापासून बंद खिडकीकडे न बघता खाली बघा.

तोपर्यंत मधे कोणी विचारलंच, तर उत्तर तयार असावं म्हणून लिहून ठेवतो. यांना शेवटचं ठणठणीत मी बघितलं. खिडकीत उभ्या होत्या. दोन्ही हात वर होते, आणि दोन्ही एका उंचीवर होते.

आपला विद्यार्थी."