शेवटच्या नंबराचा मान

विल्फ टायसन शाळेची बस चालवतो. आठवड्यातले पाच दिवस केल्डगिल गावची सगळी पोरं त्याच्या मागे असतात, आणि रविवारी तो सगळ्यांच्या मागे. सगळ्यांच्या म्हणजे त्या आठ-नऊ जणांच्या, जे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर रविवारी सकाळी आठला चर्चच्या हॉलसमोर जमतात आणि चिखलातून, गारठ्यातून डोंगरावर पळत सुटतात. उन्हाळ्यात काय, कुणीही पळतं, असं या मंडळींचं मत.

विल्फचं वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. अठरा हिवाळे तो शेवटी पळत आला, पण याला तो हळू पळणं म्हणत नाही. "फाटकं लावायला कुणीतरी लागतंच ना," म्हणतो. ते खरंही आहे. वाट जाते शेतकऱ्यांच्या कुरणांतून. दर कुरणाला दगडी गडगा, गडग्याला फाटक, आणि फाटक शेवटच्याने लावायचं हा तिथला नियम. पुढचे लोक प्रत्येक फाटकाशी थांबतात. विल्फ पोचला की "आला बाबा, चला" म्हणतात आणि निघतात. म्हणजे दम खायला सगळ्यांना मिळतो, विल्फ सोडून. त्याने कधी तक्रार केली नाही. त्याच्या मनात एक भीती पक्की बसलेली होती: या चपळ मंडळींनी आपल्याला ठेवून घेतलंय ते फाटकांसाठी. ते काम गेलं की आपली गरज संपली.

आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नोरीन आली.

नोरीन पॅटिन्सन म्हणजे पोस्टाच्या खिडकीमागची. तीस वर्षं एका खुर्चीत बसून नुकतीच निवृत्त झालेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तिला वाटलं पळून लवकर उरकेल. पहिल्या फाटकाशी विल्फने सवयीने हात ठेवला आणि मागे पाहिलं, तर ती अजून उतारावरच होती.

"ये, ये. सावकाश," तो म्हणाला. "तू हो पुढे, मी लावतो."

"तूच हो. शेवटी मी आहे."

"शेवटी मी असतो."

"असशील. आज मी आहे," नोरीन धापा टाकत म्हणाली. "मागून कुणी आलेलं मला चालत नाही. रांगेत कुणीतरी खोळंबलंय असं वाटतं."

दुसऱ्या फाटकाच्या अलीकडे विल्फ बुटाची नाडी बांधायला बसला. नोरीन त्याच्या शेजारी बसली, दोन्ही नाड्या सोडल्या आणि पहिल्यापासून बांधल्या. पुढे विल्फ देखावा बघायला थांबला. धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. "छान आहे," नोरीन म्हणाली, आणि तीही बघत राहिली.

सगळ्यांच्या पुढे असते हीदर मौन्सी, गावची नर्स. जिभेला धार. ती वर वाऱ्यात उभी राहून निळी पडली होती.

"अहो नवरा-नवरी," ती तिथूनच ओरडली, "मुहूर्त टळून गेला. हळू पळायची शर्यत मी जन्मात पाहिली नव्हती, आणि त्यातही तुमचा निकाल लागत नाही."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी विल्फ रुसला. घे बाई, हो शेवटची, असं मनात म्हणून तो सरळ मधल्या लोकांत घुसला. फेस आला तोंडाला, पण मागे वळून बघितलं नाही. वळला तो एकदाच, शेतकरी आयझॅक डॉकरेच्या वरच्या फाटकाशी. त्या फाटकाची कडी झिजलेली आहे. नुसती लावली तर वाऱ्याने निघते, म्हणून खांबावरच्या नारिंगी दोरीचे दोन वेढे घालावे लागतात. हे विल्फला पाठ होतं. नोरीनला सांगणार कोण? तो क्षणभर घुटमळला. जन्म पार्सलं हाताळण्यात गेला तिचा, दोरी दिसेल तिला, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पुढे गेला.

नोरीनने कडी लावली, वर एक थाप मारली आणि समाधानाने निघाली. दोरी तिला दिसली नाही.

हॉलमध्ये मंडळी चहा आणि आल्याचा केक घेऊन बसली होती, तेवढ्यात डॉकरे दारात उभा राहिला. मागे त्याचा कुत्रा, हातात बादली.

"माझा एडका खालच्या कुरणात शिरलाय," तो म्हणाला. "तिथल्या सगळ्या मेंढ्या त्याच्याच पोरी आहेत. म्हातारा अजून वास घेत हिंडतोय म्हणून बरं. वरचं फाटक सताड उघडं. शेवटी कोण होतं? सांगा, नाहीतर पुढच्या रविवारपासून माझ्या जमिनीत पाय ठेवायचा नाही कुणी."

नोरीनने कप खाली ठेवला. चेहरा उतरला होता. "मी होते."

 विल्फ गप्प बसला असता तर काम झालं होतं. नोरीन पुढच्या रविवारी आली नसती, आणि फाटकं परत त्याची.

"शेवटी मी होतो," तो म्हणाला.

"आता हेही माझ्याकडून घेणार का तू?" नोरीन उसळली. "मी होते. सगळ्यांनी पाहिलंय."

"तू होतीस. पण तिथे दोरी बांधावी लागते ते तुला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."



"का रे?" हीदरने विचारलं.

"सांगितलं असतं तर माझं इथे काम काय उरलं असतं?"

 हीदर म्हणाली, "विल्फ, फाटक मलाही लावता येतं. अठरा हिवाळे आम्ही थंडीत थांबलो ते फाटकासाठी नाही."

"मग?"

"तू यायचा होतास म्हणून, मूर्खा."

 नोरीन म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेव. पुढच्या महिन्यात बघू."

"तुमचं आटपलं असेल तर," डॉकरेने बादली पुढे केली, "कुणीतरी ही धरा. तो दाण्यांच्या आवाजामागे येतो. मी आणि कुत्रा फाटकाशी मेंढ्या अडवतो. बादलीवाल्याने फक्त पळायचं, आणि थांबायचं नाही. तो मागून धडक देतो."

विल्फने बादली घेतली.

खालच्या कुरणात त्याने ती दोनदा वाजवली. एडक्याने मान वर केली, शिंगं हलवली आणि निघाला. विल्फही निघाला, चढाने, चिखलातून, गुडघ्यांना न विचारता. त्याच्या मागे एडका, एडक्यामागे बऱ्याच अंतराने हीदर, तिच्यामागे सगळे, आणि अगदी शेवटी नोरीन.

"विल्फ," हीदर खालून धापा टाकत ओरडली, "अरे, जरा थांब की आमच्यासाठी."

"एडक्याला सांग," विल्फ म्हणाला, आणि आणखी जोरात पळाला.