सव्वीस लाख ट्रान्झिस्टर

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे शंकासुर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. श्वासयंत्रातली चिप किती काळ दगा देणार नाही, याचा अंदाज काढणं हे तिचं काम. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले विजेचे इवलेसे खटके, जितके जास्त, तितकी बिघाडाची शक्यता जास्त. म्हणून आधी ते मोजायचे. कुणाचं एक शून्य चुकलं की ती त्याचं डोकं खायची. घरी आमचंही खायची.

बाबांना यंत्राशिवाय श्वास घेणं जमेना, तेव्हा तिने आपल्याच कारखान्यातलं आणून लावलं. "वर्षाला दोन हजारांत एक बंद पडेल. आकडा माझा आहे," असं छातीठोक सांगितलं होतं.

त्या मंगळवारी ती भर दुपारी घरी आली. चपला न काढता बाबांच्या खाटेशी गेली आणि यंत्राला कान लावून बसली. मला धडकीच भरली.

"दादा, माझं चुकलं. ही चिप कोरी येते, तिने काय करायचं ते आपण नंतर भरतो. बनवणारे ट्रान्झिस्टर सांगत नाहीत, नुसती गेटं, म्हणजे ट्रान्झिस्टरांचे छोटे गट, सांगतात. मी जुन्या सवयीने गेटांना चारने गुणलं, दोन लाख धरले. पण आपण भरलेलं लक्षात ठेवणारे कप्पे मोजलेच नाहीत. सगळे मिळून सव्वीस लाख होतात. म्हणजे दोन हजारांत नाही, दीडशेत एक! आणि धोक्याची घंटाही त्याच चिपमध्ये आहे. ती वाजेलच असं नाही."

बाबा मास्कमधून तुटक बोलले, "त्या दीडशेत... मी कितवा?"

"ते आकडा सांगत नाही, दादा."

"मग त्याला... काय जाळायचंय?" हसायला गेले आणि त्यांना धाप लागली. आम्ही दोघं जागच्या जागी गोठलो.

"साहेब म्हणत होते, झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्या म्हणाली. "मी यंत्र घेतलेल्या सगळ्यांना पत्र धाडूनच आले. सगळी यंत्रं बदलतील. पण अकरा दिवस लागतील."

तिने कपाटातून यंत्र थांबलं तर हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा काढला आणि मांडीवर घेतला.

आज नववा दिवस. यंत्र नीट चाललंय, म्हणूनच जास्त भीती वाटते. मघाशी मी ताट वाढलं आणि म्हटलं, "आत्या, हात धू, दोन घास खा."

यंत्रावरची नजर न काढता ती म्हणाली, "आधी तू फुगा धर."