मिलानचा साप उलटा बसला

माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढे काकांनी हाताशी धरलं, जिप्समचं काम शिकवलं आणि कतारला आणलं. ते मुकादम, मी त्यांच्या हाताखाली. आज दोन घास खातो ते त्यांच्यामुळे, हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको.

त्या वर्षी काकांनी साठी ओलांडली होती आणि कंपनी त्यांचा विझा रिन्यू करायला कां-कू करत होती. घरी त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंग अजून अर्ध्यावर होतं. आमचा इंजिनीअर म्हणाला होता, समैस्मा गावातलं हे काम नीट उतरलं तर मी बोलतो वर.

काम एका कतारी मालकाच्या मजलिसचं, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचं. मालक तरुणपणी इटलीत मिलानला शिकलेला. तिथल्या जुन्या राजघराण्याची खूण त्याला छतभर हवी होती: डोक्यावर मुकुट असलेला, वेटोळी घातलेला साप. मूळ चित्रात सापाच्या तोंडात माणूस आहे. तो मालकाच्या आईने काढून टाकायला लावला.

मालक रोज खाली खुर्ची टाकून बसायचा आणि मोडक्या हिंदीत इतिहास सांगायचा. मिलानच्या ड्यूकला, म्हणजे तिथल्या राजाला, चर्चमध्ये भोसकून मारलं. मागे लहान मुलगा. गादी पोराची, पण कारभार चुलत्याने हातात घेतला. पोराला दुसऱ्या गावी किल्ल्यात ठेवलं, शिकार आणि दारू यांत गुंतवलं. ऐन पंचविशीत पोरगा मेला. विषाची कुजबुज झाली आणि चुलता ड्यूक झाला. पुढे फ्रान्सच्या राजाने मिलान घेतलं, चुलता तिकडे कैदेत मेला.

"हे तर आपल्या शनिवारवाड्यासारखंच झालं," मी म्हणालो.

काका परातीत जिप्सम कालवत होते. "मग माझ्या हातचा च्या पिणार का न्हाईस आता?"

"पिणार की. फक्त आधी तुम्ही प्या."

कामावरची पोरं हसली, काकाही हसले.

साचा काकांनीच कोरला. गावाकडे ते पाडव्याच्या साखरगाठींचे लाकडी साचे करायचे, म्हणून नमुना न करता थेट साच्यातच कोरायची त्यांना सवय. इथेही जन्मभर फुलं, जाळ्या, चांदण्या कोरलेल्या. त्या कशाही ओतल्या तरी सारख्याच दिसतात. सापाला मात्र तोंड असतं. साच्यात तो आरशातल्यासारखा उलटा कोरायला हवा होता; चित्र होतं तसंच त्यांनी कोरलं आणि ओतल्यावर प्रत्येक साप उलट्या दिशेला बघू लागला. आमच्यातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. सगळे साप छताला लागल्यावर मालक आला, वर बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "खलास. सब निकालो."

इंजिनीअरने विचारलं, "साचा किसने बनाया?"

"मैंने," मी म्हणालो.

"झूठ मत बोल. तू साचा भरता है, कोरते हैं तेरे काका."

काका खाली मान घालून परात खरवडत राहिले. त्याच आठवड्यात त्यांचं तिकीट निघालं आणि मुकादमी माझ्याकडे आली. मी नाही म्हणून बघितलं. इंजिनीअर म्हणाला, नको असेल तर तुझंही तिकीट काढतो. घरी माझीही पोरं आहेत.

विमानतळावर काकांनी माझा दंड धरला. "गावात म्हन, म्हाताऱ्यांना काढलं. माझा हात चुकला ते बोलू नगंस."

मी नाही बोललो. गावाने आपला हिशोब केला: काकाला काढलं, पुतण्याला बसवलं, म्हणजे पुतण्यानेच वर कान भरले असणार. धाकटीचं नर्सिंग सुटलं. मी पैसे पाठवले ते काकूने परत केले.

दर शुक्रवारी फोन करतो. काका उचलतात. मागून काकूचा आवाज येतो, "मुकादमसाहेबांचा का?"

काका तिला काही सांगत नाहीत. म्हशीने आज किती दूध दिलं ते मला सांगू लागतात.