विहिरीकाठच्या पोरीचं तोंड

"कुठं पाह्यल्यावानी वाटतं का?"

आपलं पुस्तक वाचून झालेल्या प्रत्येकाला पेंटरमामा एवढंच विचारायचे. आवडलं का, भीती वाटली का, असलं काही नाही. पान उघडायचे, रंगाने कायमचं निळं झालेलं बोट चित्रातल्या पोरीच्या तोंडाखाली ठेवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसायचे. समोरचा गडबडून जायचा. भुताच्या पुस्तकावर असला प्रश्न विचारल्यावर तुम्हीही गडबडला असता.

मामा मूळचे हट्टा गावाकडचे. वसमतला दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मग फ्लेक्स आले, आणि ते छापणारं मशीन नेमकं माझ्याच दुकानात आलं. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. दुसरा कोणी असता तर माझ्या दारात पाय ठेवला नसता. मामा यायचे, मशीनमधून सरसर बाहेर येणारं पुढाऱ्याचं तोंड बघायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्या मशीनला शिडी लागत न्हाई, हे लई बेस झालं." ते खरंच कौतुक असायचं. टोमणा मारायला लागतं तेवढं तिरकं डोकं देवाने त्यांना दिलंच नव्हतं.

हातचं काम सुटल्यावर त्यांनी चित्रकथा काढल्या. आपल्याकडच्या भुतांच्या. चकवा, मुंजा, बारवेतल्या आसरा, हळद शिजवायच्या कढईपाशी येऊन बसणारी बाई. पुस्तक स्वतःच छापलं, म्हणजे माझ्याकडून छापून घेतलं. प्रत्येक गोष्टीत कुठेतरी कोपऱ्यात, विहिरीच्या काठावर, फ्रॉक घातलेली एक लहान पोरगी बसलेली होती. ती कुणाला काही करत नाही, बोलत नाही, नुसती बघते. आणि दर गोष्टीत तिचं तोंड वेगळं.

"मामा, पोरगी एकच आहे ना? मग नाक काहून बदलतंय?" मी विचारलं.

"बदलू द्या, ताई. एखांदं तरी लागंल."

म्हातारपणी माणूस थोडा सटकतो, असं मी मनात म्हटलं आणि छपाईला लागले.

अभिप्राय मात्र एकेक भारी आले. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "भूत लई गरीब काढलं, मामा. भ्यायचं सोडून त्याला च्या पाजावा वाटतो." एका गुरुजींनी चष्मा पुसत सांगितलं, की हडळीचे पाय सरळ दाखवलेत, ही चूक गंभीर आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. मामांनी दोघांचंही मान डोलावून ऐकलं आणि आपला प्रश्न विचारला. धान्याच्या मोंढ्यातला एक हमाल मात्र चित्र बघून पांढराफटक पडला. "पाह्यलंय की! हट्ट्याच्या रस्त्याला उभं व्हतं हे लेकरू."

मामा ताडकन उठले. "कवा?"

"ह्याच अमुशाला."

मामा परत खाली बसले. भूतकथा लिहिणारा दुसरा कोणी असता तर या उत्तरावर नाचला असता. मामांचं तोंड एवढंसं झालं.

मग पुस्तकं परत यायला लागली. परत म्हणजे आमच्याकडे नाही. देवांचे जुने, फाटके फोटो आपण केरात टाकत नाही, मारुतीच्या पारावर पिंपळाखाली नेऊन ठेवतो. तुम्हीही ठेवले असतील. बायकांना ती पोरगी घरात नको होती, आणि तिला चुलीत घालायलाही हात होईना. म्हणून त्यांनी तिला गणपती-लक्ष्मीच्या ओळीत पिंपळाखाली आणून बसवलं. मला भयंकर राग आला. एवढ्या मेहनतीच्या पुस्तकाला हा अभिप्राय! मामांना ते दाखवायला मीच पारावर घेऊन गेले. ते उकिडवे बसले, एक प्रत उचलली, पान उघडलं. पोरीच्या कपाळावर कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं.

"मान दिला की वो पोरीला," मामा म्हणाले आणि पारावर टेकून लहान मुलासारखे रडले.

तिथेच त्यांनी सांगितलं.

"अक्का व्हती माजी. मोठी भैन. विहिरीत वाकून पान्यात सोताचं तोंड बघायची खोड व्हती तिला. एक रोज गेली आत. मी चिंचेवर व्हतो. वरून पाह्यलं." त्या काळी खेड्यात पोरीबाळींचे फोटो कोण काढत होतं? घरात तिचं एकही चित्र नव्हतं. "आय व्हती तवर विचारलं न्हाई. अक्काचं नाव काढलं की ती जेवायची न्हाई. आता आय बी गेली. फराक आठवतो, येन्या आठवत्यात, आवाज बी येतो कानात. तोंडच गेलं, ताई. जगाची तोंडं रंगवली ह्या हातानं, तिचं तेवढं निघत न्हाई. कुनी तरी वळखंल म्हून इचारत फिरून राहिलो."

लोक भुतापासून सुटायला अंगारे-धुपारे करतात. हा माणूस आपलं भूत सापडावं म्हणून दारोदार फिरत होता. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा बंद केली.

पुढे एकदा आखाडा बाळापूरकडच्या तांड्यावरची एक म्हातारी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. मामा बाकावर होतेच. त्यांनी पुस्तक पुढे केलं, प्रश्न विचारला. म्हातारीने चित्राआधी त्यांचं गाव विचारलं, मग बापाचं नाव विचारलं, आणि कपाळाला हात लावला.

"माजा बाप तुमच्या शेजारच्या वावरात कामाला व्हता की रे. तुज्या अक्कासंगं चिंचा येचल्यात मी."

मामा बाकावरून उठून तिच्याजवळ आले. एकेक पान उलटून ते दाखवत गेले. "ही?" "न्हाई." "मंग ही बगा." "न्हाई रे बाबा." शेवटचं पानही संपलं. म्हातारी आता पुस्तकाकडे बघतच नव्हती. तिने हात उचलला आणि तळव्याने मामांच्या भरघोस मिशा झाकल्या. गिऱ्हाइकं बघत होती, तिला त्याचं काही नव्हतं.

"कागदावर काहून हुडकतो? ही काय इथं हाय. तुमच्या आयनं दोघांला एकाच साच्यातून काढलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मामा मिशा काढून आले. "फोटो काढा, ताई." मी मोबाइलवर काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. वरचा ओठ, इतकी वर्षं ऊन न लागलेला, बाकीच्या तोंडाहून किती कोवळा दिसत होता. मामा पडद्याजवळ सरकले.

"अक्का," ते हळूच म्हणाले.

दुकानात आम्ही दोघंच होतो. तरी मला वाटलं, आता कुणीतरी ओ देणार.

त्यानंतर तो प्रश्न कायमचा थांबला. "आता काढा की तिचं चित्र, नवी आवृत्ती करू," मी म्हटलं, तर मामा मान हलवायचे. "न्हाई काढवत. रोज सकाळी दाढीला बसलो की ती आरशात येऊन बसती. पयल्या रोजी लई बरं वाटलं. आता जीव तुटतो. ती फराकातच राह्यली असती. मी म्हातारा व्हऊन राहिलो, तर तिला बी वढून म्हातारी करून राहिलो."

"मग मिशा ठेवा परत."

ते दचकले. "आन ती गेली म्हंजे?"

मिशा त्यांनी पुन्हा ठेवल्या नाहीत. हळदीच्या हंगामात साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामा गेले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्यांचा मुलगा मिशांचा जुना फोटो घेऊन आला. "लोकं ह्याच तोंडाला वळखत्यात, मावशी." त्याचंही बरोबर होतं. मी तोच छापला. चौकात लागला, लोकांनी ओळखलं, हळहळले.

मला मात्र चैन पडेना. तेराव्याच्या सकाळी मी मोबाइलमधला तो दुसरा, बिनमिशांचा फोटो शोधला, चेहऱ्यापुरता छापला, आणि दुकानात उरलेल्या एका प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर चिकटवला. पान उघडं ठेवून प्रत पिंपळाखाली नेऊन ठेवली, वाऱ्याने मिटू नये म्हणून कडेला दगड ठेवला. नाव लिहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

दुपारी जेवायला घरी जाताना वाट वाकडी करून पाराकडे गेले. दगड जागच्या जागी होता. पुरुषाच्या फोटोला आपल्याकडे गंध लावतात, हार घालतात. हळदीकुंकू कोणी लावत नाही. मामांच्या कपाळावर हळदीचं बोट टेकवलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा बारीक टिपका होता, लहान पोरीला लावतात तसा.