गावठी पिल्लू

ओल्या कुत्र्याचा वास आला की मला मोहोपाड्याच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. सासरे जर्मन शेफर्ड आणायला निघाले होते आणि मी माहेरच्या, कडावच्या गोठ्यातलं चिखलाने माखलेलं गावठी पिल्लू घेऊन दारात उभी होते. "ते भायेर सोड गं. कॉलनीत हसं होईल," ते म्हणाले. "बाबा, दोन खोल्यांत एवढा मोठा कुत्रा कोंडणार, आणि दिवसभर त्याचं करणार कोण? मीच ना?" लग्नानंतर पहिल्यांदाच माझा आवाज चढला. "मग हेच राहील. नायतर मी पण नाय राहत." सासूबाईंनी आतून गोणपाट आणून उंबऱ्याच्या आत अंथरलं. सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या घरात माझ्या पसंतीने आलेला तो पहिला जीव होता, आणि त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही.