माळ्याच्या खांबाला तार

आंदर मावळात आमच्या भातखाचराच्या कडेला विजेचा मनोरा आहे. त्याच्या अगदी टोकावरून एक बारीक तार जाते. तिच्यातून वीज जात नाही. आभाळातली वीज पडली तर ती अंगावर घेऊन जमिनीत सोडायची, एवढंच तिचं काम. गेल्या साली ती काढून नवी घातली. नवीच्या पोटात केसासारख्या काचेच्या दोऱ्या असतात आणि त्यांतून उजेडानं निरोप जातात, असं कामावरच्या साहेबानं सांगितलं. मी चौथी शिकलेली. काच वाकते हे मला पटलं नाही.

मी विचारलं, "वजन किती हिचं, बाबा?"

"मीटरला अर्धा किलो, मावशी. जुनीपेक्षा फार जड चालत नाही. मनोऱ्याला ओढ बसते, तार झोळ खाते."

म्हणजे हातानं मोजली तर दोन हात तारेला अर्धा किलो. तारेचा लाकडी रीळ उतरवायला क्रेन आली, त्यात नवल नव्हतं.

भाताचा दाणा भरत होता. वर्षाचा तांदूळ त्याच खाचरात. तार ओढायचं यंत्र बांधाबाहेर ठेवायचं, असं मी कबूल करून घेतलं होतं. तार वर चढली. तिचं टोक जोडासाठी मनोऱ्यावरून खाली सोडलं, ते माझ्या भातावर पडलं.

धाकटा दीर त्याच कामावर रोजानं होता. त्यानं ते पाहिलं. आमच्याकडे चऱ्हाट कधी मोकळं टाकत नाहीत, घट्ट गुंडाळून ठेवतात. त्यानं दुसऱ्या गड्याला घेतलं, पहार लावली आणि रानडुकरांपासून भात राखायला रात्री ज्यावर बसतो त्या उंच माळ्याच्या खांबाला तार करकचून गुंडाळली. भात मोकळं झालं. मला काम आवडलं.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दोऱ्या जोडणारा जोडारी आला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मी. का, सुटंल व्हय?" दीर म्हणाला.

"अहो, आत काच आहे! बैलगाडीच्या चाकाएवढा वेढा लागतो हिला."

त्यानं तपासायचं लहान यंत्र लावून उजेड सोडून पाहिला. गुंडाळलेल्या भागात काच तुटली होती. तेवढी तार कापली, तर उरलेलं टोक जमिनीला पोचेना. जोड तर जमिनीवर बसून करतात.

साहेब म्हणाला, "तार पुन्हा ओढावी लागेल. टोक खाली आणायला ओढायचं यंत्र मनोऱ्याखाली, खाचरातच उतरवावं लागणार."

"भात कापल्याबिगर खाचरात चाक न्हाई."

"मावशी, लाइन उद्यापर्यंतच बंद आहे."

"मग वर बसून जोडा."

"मी काय माकड आहे?" जोडारी म्हणाला.

दीर पुढे झाला. "माळा बांधून देतो. आमी डुकरं राखायला रातभर बसतो, तुमी दोन तास बसा."

"आणि पडलो तर?"

"खाली वहिनीचं भात हाय. मऊ लागंल."

"भातात पडायचं न्हाई," मी म्हटलं. "पडायचं तर बांधावर पडा."

साहेबानं फोनवर वरच्यांना विचारलं आणि जोडाऱ्याला पट्टा बांधला. दिरानं माझा माळा उतरवून त्याचे बांबू न् फळ्या मनोऱ्याच्या पायांत बांधल्या. खांब तेवढा जागेवर राहिला. जोडारी वर बसून शिव्या देत जोडत होता. संध्याकाळी जोड झाला. पण सकाळी एकदा तपासल्याशिवाय फळ्या काढायच्या नाहीत, असं साहेबानं सांगितलं.

त्या रात्री राखणीला माळा नव्हता. डुकरांनी ओढ्याकडचा कोपरा खाल्ला आणि तुडवलाही.

सकाळी दीर बांधावर उभा होता. "वहिनी, यंत्र उतरलं असतं तर समदंच गेलं असतं."

"व्हय. आता बोलत बसू नका, माळा उतरवा."

उजेड नीट पोचला. दुपारपर्यंत माळा परत खांबावर चढला. बाकीचं भात मी वेळेवर कापलं. तांदूळ नेहमीपेक्षा कमी आला, पण वर्ष निघालं. खांबावर तारेचे वळ अजून आहेत. दीर त्याला आता चऱ्हाट गुंडाळतो.