न रुसणाऱ्याची पट्टी

डेपोत त्यांना सगळे ड्यूटीमास्तर म्हणत. उद्या कुठली बस कोणी, किती वाजता आणि कुठल्या मार्गावर न्यायची, याचा तक्ता ते सव्वीस वर्षं पेन्सिलीनं लिहीत आले होते. पेन्सिलीनंच, कारण ड्रायव्हर नावाचा प्राणी शाईनं लिहिण्याइतका भरवशाचा नसतो, असं त्यांचं मत. वर्षाला पेन्सिली दोन लागत, खोडरबर नऊ.

त्यातले सात एकटे राजे संपवत. राजे हे डेपोतले सर्वांत कसबी ड्रायव्हर, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एक्केचाळीस नंबरची बस सोडून दुसरीला हात लावायचे नाहीत, पहाटेची पाळी घ्यायचे नाहीत. त्यांच्या सीटवरची उशी कोणी हलवली, की "डोकं दुखतंय" एवढं सांगून फुरंगटून कँटीनमध्ये बसायचे. मग मास्तर स्वतः चहा घेऊन जात, "तुमच्याशिवाय तो घाट कोण चढणार?" म्हणत त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत, आणि दुपारपर्यंत राजे खाली उतरत. माणसं सांभाळावीत तर मास्तरांनी, असं वरचे साहेबही म्हणत.

तोवर राजेंची बस कोणी न्यायची, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. ती बरंभाऊ नेई.

"पहाटे चारची घेशील?"

"बरं."

"आज डबल होईल रे."

"बरं."

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, असं म्हणतात.

या बरंभाऊच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दोनदा तारीख मिळाली, दोनदा हुकली. सोबत माणूस असल्याशिवाय डॉक्टर टेबलावर घेत नव्हते, आणि दोन्ही वेळा नेमके राजे रुसले होते. आता येत्या गुरुवारची तारीख होती. ती गेली तर पुढची चार महिन्यांनी. बाईंना दिसत इतकं कमी होतं, की मागच्याच आठवड्यात कपाऐवजी हातावर चहा ओतला होता. बरंभाऊचा तिसरा अर्ज मास्तरांच्या खणात पडला होता. मास्तर "बघू" म्हणाले होते. हा शब्द त्यांनी सव्वीस वर्षांत वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकला होता.

महिनाभरापूर्वी मुलीनं त्यांच्या मोबाइलवर एक गेम टाकून दिला होता.

"बाबा, फिल्म स्टुडिओ चालवायचा. नट-नट्या ठेवायच्या, सिनेमे काढायचे. नट फार नखरे करतात हं."

"ड्रायव्हर काय कमी आहेत?" मास्तर म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसापासून जेवताना ताटाशेजारी मोबाइल दिसू लागला.

"डेपोत नाकदुऱ्या काढून हौस फिटली नाही वाटतं," बायको म्हणाली.

पण मास्तरांना ते फारच जमत होतं. गेममधल्या पाच तारे मिळालेल्या नायकाला त्यांनी राजे असंच नाव ठेवलं. त्याची मर्जी दाखवणारी पट्टी लाल होऊन लुकलुकू लागली, की तो व्हॅनिटी व्हॅनचं दार आपटून आत बसे. मास्तर त्याला मोठी व्हॅन देत, मोठा आरसा देत, एकदा तर कुत्रा दिला. तोपर्यंत शूटिंग अडू नये म्हणून तीन ताऱ्यांची एक नटी होती. ती कुठल्याही कामाला नाही म्हणत नसे. एकाच आठवड्यात ती आई झाली, नर्स झाली, भूत झाली. एका सिनेमात प्रेताचं काम होतं, तेही तिनंच केलं. मास्तरांचा स्टुडिओ दुसऱ्या नंबरावर पोचला.

मंगळवारी रात्री घरी पडद्यावर चिठ्ठी आली. नटी पहिल्या नंबरच्या स्टुडिओत गेली होती. "आभारी आहे," एवढंच लिहिलं होतं. तीन सिनेमे एका झटक्यात बंद पडले.

"न सांगता गेली!" मास्तर ओरडले. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!"

मुलीनं मोबाइल घेतला, चिठ्ठीखालच्या तिच्या नावावर बोट ठेवलं. "बाबा, हिची पट्टी गेममधले सहा महिने लाल होती."

"मग लुकलुकली का नाही?"

"लुकलुकते फक्त पाच ताऱ्यांची. बाकीच्यांची आपण नावावर बोट ठेवून बघायची असते. तुम्ही एकदाही ठेवलं नाहीत."

"तिनं बोलायला नको?"

"बोलली असेल," बायको शेंगा सोलता सोलता म्हणाली. "तुम्ही बघू म्हणाला असाल."

मास्तरांनी मोबाइल पालथा ठेवला.

बुधवारी सकाळी राजे येऊन सांगून गेले, की गुरुवारी त्यांचं डोकं दुखणार आहे. तक्ता बारापर्यंत लावायचा होता. मास्तरांनी खण उघडला. तिसरा अर्ज वरच होता, पहिले दोन तळाशी सापडले. त्यांनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात होतं, "सुट्टी मिळावी." दुसऱ्यात, "शक्य असल्यास सुट्टी मिळावी." तिसऱ्यात, "कोणाची गैरसोय होत नसेल तर." मास्तरांना स्वतःची लाज वाटली. चष्मा पुसून ते उठले आणि बाहेर गेले.

बरंभाऊ बसची काच पुसत होता.

"गुरुवारी तुला सुट्टी," मास्तर म्हणाले.

"राजे येत नाहीयेत म्हणे." बरंभाऊनं फडकं पिळलं. "मी येतो, मास्तर. बायकोचं काय, बघू."

आपलाच शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मास्तर ओरडलेच. "अरे, रुस की जरा! एकदा तरी रुस माझ्यावर!"

कँटीनमधली माणसं दारात आली. बरंभाऊनं थोडा विचार केला. फडक्याची घडी घातली. कपाळावर आठ्या आणायचा प्रयत्न केला. सवय नसल्यानं एकच आली.

"गुरुवारी मी येणार नाही," तो म्हणाला. आणि मग हळूच, "चालेल ना?"

मास्तर तसेच आत गेले. पहाटे चारच्या रकान्यात त्यांनी राजेंचं नाव लिहिलं, आणि बरंभाऊच्या नावापुढे सुट्टी. दोन्ही शाईनं.